रोहिणीवेध-संवरण साधने

हृदय व रक्तवाहिन्या यांच्या तपासणीसाठी किंवा उपचारासाठी त्वचेतून रोहिणीत कॅथेटर (लवचिक पोकळ नळी) घालतात. नळी काढल्यावर रोहिणीच्या भित्तीत राहणारे छिद्र बंद करणाऱ्या साधनांना रोहिणीवेध-संवरण साधने म्हणतात. हे छिद्र सामान्यतः २ ते ३ मिमी. व्यासाचे असते, तथापि रोहिणीतील दाबामुळे त्यातून जोराने रक्तस्राव होतो.

पूर्वी अशी नळी घालण्यासाठी रोहिणी बहुधा शस्त्रक्रियेने उघडी करीत व शेवटी टाके घालीत. १९५३ मध्ये स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञांनी सुईने वेध घेऊन, सुईतून तार सरकवून व सुई काढून तारेवरून नळी घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे छेद टळला; पण छिद्र त्वचेखाली, नजरेआड राहू लागले. ते बंद करण्यासाठी १० ते २० मिनिटे हाताने दाब देत आणि रुग्णास पाय सरळ ठेवून कित्येक तास निजवून ठेवीत.

१९७७ मध्ये आंड्रेआस ग्रुंट्सिग यांनी झुरिक येथे फुग्याच्या साहाय्याने हृद्‌रोहिणी रुंद केली. अशा उपचारांत हेपारीन (रक्तक्लथनरोधक औषध) द्यावे लागे व नळ्याही जाड असत; त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढला. जांघेच्या वरच्या भागात वेध झाल्यास रक्त पर्युदराच्या मागे साठते. बाहेर काहीच न दिसता रक्तदाब उतरतो आणि वेळीच लक्षात न आल्यास मृत्यू ओढवू शकतो.

१९९० नंतरच्या दशकात संवरण साधने प्रचारात आली. गुरांपासून मिळविलेल्या कोलॅजेनाचे बूच छिद्राबाहेर बसविले असता त्याला बिंबाणू चिकटून रक्ताचा क्लथ बनतो. ‘अँजिओ-सील’ या साधनात रोहिणीच्या आत एक लहान पट्टी व बाहेर कोलॅजेन असून दोन्ही धाग्याने आवळले जातात आणि कालांतराने शरीरात शोषले जातात. ‘पर्क्लोज’ साधनाने त्वचेबाहेरूनच रोहिणीस टाका घालतात. निकेल-टिटॅनियम मिश्रधातूची चाप व बहुवारिकाचा लेप हे प्रकार नंतरचे होत.

या साधनांनी वेळ निश्चित वाचतो. जर्मनीतील ४ केंद्रांत ४,५२४ रुग्णांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तस्तंभनास साधनाने १, तर हाताच्या दाबाने १० मिनिटे लागली. वाहिनीसंबंधी उपद्रवांचे प्रमाण मात्र अनुक्रमे ६·९% व ७·९%, म्हणजे जवळपास सारखेच होते. जंतुसंसर्ग किंवा रोहिणीरोध हे साधनांचे उपद्रव विरळ असले, तरी शस्त्रक्रिया करावी लागण्याइतके गंभीर असू शकतात.

रक्तस्राव घटविण्याचा दुसरा उपाय म्हणजे वेधाची जागाच बदलणे. ल्यूसिएन कँपो यांनी १९८९ मध्ये मनगटाजवळील रोहिणीतून हृद्‌रोहिणींची तपासणी वर्णिली. फर्डिनांड कीमेनाइ यांनी १९९२ पासून त्याच मार्गाने उपचार केले. ही रोहिणी त्वचेलगत, हाडावर असल्याने पट्ट्याच्या दाबाने सहज बंद होते व हाताला रक्त पुरविणारी दुसरी रोहिणीही असते. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत संवरण साधनांची गरज कमी झाली. मात्र मांडीच्या रोहिणीतून हृदयाची झडप बसविताना किंवा महारोहिणीचा फुगवटा दुरुस्त करताना छिद्र बरेच मोठे होते. अशा वेळी ते रुंद करण्यापूर्वीच टाके घालून ठेवतात व शेवटी आवळतात. पूर्वी शल्यचिकित्सक उघड्या रोहिणीवर करीत असलेले काम येथे त्वचेआडून साधले जाते.