आजीची पटकी अन् राजाची शिवी

परवा नांदेडच्या बसस्थानकात जागेवरून दोघांची जुंपली. भांडण दोघांचं, पण दोन मिनिटांत दोघांच्याही आया-बहिणी त्यात ओढल्या गेल्या. त्या बिचाऱ्या घरी, त्यांना पत्ताही नाही. बाजूची पोरं हसत मोबाईलवर शूटिंग करत होती.

मला माझी आजी आठवली. लातूरकडची. तोंडाची लई फटकळ. "मुडदा बशिवला तुझा", "पटकी येवो तुला", दिवसभर चालूच. पटकी म्हणजे कॉलरा. एकेकाळी या रोगानं गावं ओस पाडली, म्हणून तो शापात जाऊन बसला. साथी गेल्या, शब्द उरला. पण आजीचा एक नियम होता. राग ज्याच्यावर, शाप त्यालाच. त्याच्या आईला ती कधी मधे आणत नव्हती.

आई-बहिणीवरून शिवी म्हणजे आजच्या पिढीचा बिघाड, असं आपण सहज म्हणतो. इतिहास वेगळंच सांगतो.

कोकणात शिलाहार राजांच्या काळापासूनचे 'गधेगाळ' नावाचे दगड सापडतात. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख अन् खाली गाढव आणि बाई. दान दिलेली जमीन जो लाटेल, त्याच्या आईची अशी गत होईल, हा त्याचा अर्थ. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र. मुंबईत परळला मिळालेल्या शके ११०८ च्या लेखात तर ही शिवी सरळ मराठीत कोरलेली आहे. जमीन लाटणार पुरुष, विटंबना त्याच्या आईची. अन् हे गल्लीतल्या टवाळानं नाही, राजशासनानं लिहिलेलं!

आता दुसरं टोक बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेनं ठराव केला. आई-बहिणीवरून शिवी दिली, तर ५०० रुपये दंड.

दंडानं जीभ सुधारते का, यावर खुशाल वाद घाला. पण आठशे वर्षांपूर्वी राजानं जी शिवी धाक म्हणून वापरली, तिलाच एका गावानं गुन्हा ठरवलं. ही गोष्ट लहान नाही.

मित्रहो, आपल्या नांदेड-लातूरमधली कोणती ग्रामसभा असा विषय घेणार? तोवर आजीचा नियम तरी पाळू. राग ज्याच्यावर, शब्द त्यालाच. आईला मधे आणू नका.