जाताना नाही, येताना!

लहानपणी आमच्याकडे लाइट गेली की आजीचा पहिला हुकूम, "फ्रीजचं बटण बंद कर रे!" मी म्हणायचो, लाइट तर गेलीये, मग बटण कशाला? आजी म्हणायची, "जाताना काही होत नाही, येताना होतं." आज फ्रीजच्या जागी डेटा सेंटर ठेवा.

सुरुवात १९४६ ची, फिलाडेल्फियात. एनियॅक नावाचा कॉम्प्युटर, सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, वीज साधारण दीडशे किलोवॅट. ट्यूब जळायच्या त्या बहुतेक तापताना नाहीतर गार होताना, म्हणजे मशीन चालू-बंद करताना. मग तोडगा काय काढला? बंदच करायचं नाही! (त्यामुळे शहरातले दिवे मंद व्हायचे, हे ऐकलं असेल तर विसरा. दंतकथा आहे.)

ट्यूब गेल्या, रॅक आले. एका कपाटात तीस-चाळीस सर्व्हर आणि मागे विजेची उभी पट्टी, तिला पीडीयू म्हणतात. आधी ही पट्टी म्हणजे घरातला एक्स्टेंशन बोर्डच, फक्त लांब. किती करंट जातोय, पत्ता नाही. हिशोब सर्व्हरच्या मागच्या स्टिकरवरून.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. माझी पहिली नोकरी नवी मुंबईत, एका सर्व्हर रूममध्ये. प्रत्येक रॅकला ए आणि बी अशा दोन पट्ट्या, एक गेली तरी दुसरी सांभाळेल म्हणून. दोन्हींची मर्यादा १६ अँपियर, दोन्हींवर १३. आम्ही खूश, सगळं मर्यादेत! एका रात्री ए गेली. तिचे १३ बीवर आले, झाले २६. काही मिनिटांत बीसुद्धा ट्रिप. अख्खा रॅक काळोखात. साधी बेरीज होती हो, पण करणार कोण? दोन्ही आकडे एकत्र दाखवणारं काही नव्हतंच.

मग पट्टीवर मीटर आला, मीटर नेटवर्कला जोडला गेला, आणि पुढे एकेक सॉकेट लांबून चालू-बंद करता यायला लागलं. लोकांना वाटतं यातली भारी गोष्ट म्हणजे घरबसल्या हँग झालेला सर्व्हर रीस्टार्ट करणं. मला विचाराल तर भारी गोष्ट वेगळीच आहे: सॉकेट एकामागून एक, मध्ये थोडा वेळ सोडून चालू करणं. बंद सर्व्हरमधले कपॅसिटर रिकामे असतात. लाइट आली की ते एकदम भरायला धावतात आणि काही मिलिसेकंद नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतात. चाळीस सर्व्हरनी एकत्र खेचला की ब्रेकर पुन्हा खाली.

आता २७ मे २०१७, लंडन. ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरची वीज गेली. सुट्टीचा वीकेंड, हीथ्रो आणि गॅटविकवरची उड्डाणं रद्द, सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. मूळ कंपनीचे प्रमुख विली वॉल्श यांनी नंतर सांगितलं, की एका इंजिनिअरने वीज तोडली. पण खरं नुकसान ती परत जोडताना झालं, कारण ती आटोक्यात न ठेवता जोडली गेली. तोडताना चूक होऊ शकते, पण जोडताना कशी होते, हेच त्यांना कळत नव्हतं.

आमच्या आजीला कळलं असतं.