जलजीवालयातील अनाहूत प्राणी

खाऱ्या पाण्याच्या जलजीवालयात मुद्दाम न सोडता दगड, वाळू, शैवले किंवा प्रवाळ यांच्याबरोबर नकळत आलेल्या प्राण्यांना अनाहूत प्राणी म्हणता येईल. त्यांची ओळख पटविणे हा घरी प्रवाळ बाळगणाऱ्यांचा नित्याचा प्रश्न असला, तरी तो नवा नाही. अशाच एका प्राण्याची ओळख चुकल्यामुळे प्राणिसृष्टीतील एक संपूर्ण संघ सु. साठ वर्षे दुर्लक्षित राहिला.

ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथील दगडी प्रवाळ लंडनला नेऊन काचपात्रात जगविले. वनस्पती व प्राणी यांचा समतोल राखून पाणी शुद्ध ठेवण्याचे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक जलजीवालय सुरू झाले. त्यानंतर यूरोपातील विद्यापीठांनीही समुद्राच्या पाण्याची काचपात्रे ठेवण्यास सुरुवात केली.

अशाच एका पात्राच्या काचेवर ऑस्ट्रियातील ग्राझ येथे फ्रान्ट्स आयल्हार्ट शुल्ट्से यांना १८८३ मध्ये एक चपटा, करडा-पांढरा जीव सरपटताना आढळला. तो जेमतेम काही मिमी. रुंद असून त्याला ठरावीक आकार नव्हता. अमीबाप्रमाणे त्याची कड सतत बदले. मात्र तो एककोशिक नव्हता. वर व खाली पक्ष्माभिकायुक्त (सूक्ष्म केसांसारख्या तंतूंनी युक्त) कोशिकांचा एकेक थर आणि त्यांच्या मध्ये विरळ, शाखायुक्त कोशिका एवढीच त्याची रचना होती. तोंड, आतडे, स्नायू, तंत्रिका यांपैकी काहीच नव्हते. शुल्ट्से यांनी त्याला ट्रायकोप्लॅक्स ॲडहेरेन्स (चिकटून राहणारी केसाळ चकती) असे नाव दिले. स्पंज किंवा सीलेंटेराटा यांपैकी कोणत्याही गटात त्याला बसविण्याची घाई त्यांनी केली नाही, हे त्यांच्या सावध वृत्तीचे द्योतक आहे. नेपल्स येथील जलजीवालयातून मोंतिचेल्ली यांनी १८९३ मध्ये वर्णिलेला ट्रेप्टोप्लॅक्स हा तसाच दुसरा प्राणी मात्र पुन्हा कधीच कोणाला दिसला नाही व त्याच्या अस्तित्वाविषयीच आता शंका घेतली जाते.

टिलो क्रुंबाख यांनी १९०७ मध्ये असे प्रतिपादन केले की, ट्रायकोप्लॅक्स हा स्वतंत्र प्राणी नसून इल्यूथेरिया क्रोनी या हायड्रोझोआ वर्गातील प्राण्याचा प्लॅन्यूला डिंभ होय. वरवर पाहता हे पटण्यासारखे होते. प्लॅन्यूलाही सूक्ष्म, पक्ष्माभिकायुक्त व इंद्रियहीन असतो. परंतु प्लॅन्यूला अखेर एखाद्या पृष्ठाला चिकटून त्याचे पॉलिपात रूपांतर होते. ट्रायकोप्लॅक्स मात्र दुभंगतो आणि प्रत्येक भागापासून पुन्हा ट्रायकोप्लॅक्सच तयार होतो. शुल्ट्से यांनी क्रुंबाख यांच्या मताचे खंडन केले, तरी पाठ्यपुस्तकांनी सोपे उत्तर स्वीकारले. डिंभ म्हणून एकदा निकाल लागल्यावर त्याकडे पाहण्याचे कारणच कोणाला उरले नाही.

१९६० नंतरच्या दशकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल गॉटलीब ग्रेल यांनी तांबड्या समुद्रातील शैवलाबरोबर आलेला ट्रायकोप्लॅक्स प्रयोगशाळेत वाढविला. पिढ्यान्‌पिढ्या पाळूनही त्याचे दुसऱ्या कशातही रूपांतर झाले नाही. शिवाय त्यात अंडी आढळली. डिंभात ती असण्याचा संभव नाही. हा प्राणी खालच्या पृष्ठातून एंझाइमे सोडतो व शरीराबाहेरच शैवलाचे पचन करून ते शोषतो, हेही स्पष्ट झाले. १९७१ मध्ये ग्रेल यांनी त्याच्यासाठी प्लॅकोझोआ हा स्वतंत्र संघ स्थापन केला. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा त्याचा पूर्ण विकास मात्र अद्याप कोणालाही पाहता आलेला नाही.

घरगुती जलजीवालयात अशा प्राण्यांची आवक वाढली ती जिवंत खडकाच्या वापरामुळे. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली ही पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. सच्छिद्र खडकावरील सूक्ष्मजंतू पाणी शुद्ध राखतात. पण त्याच छिद्रांतून असंख्य प्राणीही येतात. येथे ओळख चुकल्यास नुकसान होते. एप्टेसिया हे लहान समुद्रपुष्प उपद्रवी समजून खरवडून काढले, तर राहिलेल्या तुकड्यांपासून अनेक नवी समुद्रपुष्पे तयार होतात. उलट, बहुतेक केसाळ वलयी कृमी उरलेले अन्न खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात. पण प्रवाळभक्षक अग्निकृमीशी साम्य असल्यामुळे तेही सरसकट मारले जातात.

ट्रायकोप्लॅक्स घरगुती टाकीतही आढळतो. पाण्यात काही दिवस टांगून ठेवलेल्या काचपट्टीवर तो पांढुरक्या ठिपक्यासारखा दिसतो. त्याच्या जीनोमचा संपूर्ण क्रम २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सु. ११,५०० जीन असून इतर प्राण्यांत तंत्रिका तंत्राशी निगडित असलेले काही जीनही आढळले. २०१८ मध्ये हाँगकाँग येथील होइलुंजिया ही वेगळी प्रजाती ठरविण्यात आली. सूक्ष्मदर्शकाखाली ती ट्रायकोप्लॅक्ससारखीच दिसते; दोहोंतील भेद जीनोमच्या तुलनेवरूनच निश्चित झाला. त्यामुळे काचेवरील ठिपका प्लॅकोझोआ संघातील आहे एवढे डोळ्यांनी ठरविता येते. तो ट्रायकोप्लॅक्सच आहे असे केवळ पाहून सांगता येत नाही.