2 ऑक्टोबर 2015 : ‘दगडी चाळ’ पडद्यावर

चंद्रकांत कणसे दिग्दर्शित ‘दगडी चाळ’ 2 ऑक्टोबर 2015 रोजी प्रदर्शित झाला. मुंबईत भायखळ्याच्या चाळीतल्या टोळीप्रमुख ‘डॅडीं’च्या (मकरंद देशपांडे) वर्तुळात ओढला गेलेला सूर्या (अंकुश चौधरी) 2022 च्या दुसऱ्या भागात टोळी सोडून बायको-मुलासोबत साधा संसार करतो, पण जुनं जग त्याला पुन्हा ओढतंच. टोळीची खरी पकड पिस्तुलात नसते, जुन्या उपकारांच्या ओझ्यात असते, हे मराठी पडद्याने इथे नेमकं हेरलं. असे चित्रपट गुंडांना मोठं करतात, हा आक्षेप पोकळ नाही. डॅडींचा रुबाब भुरळ घालतोच. मात्र दुसऱ्या भागात पणाला लागतं ते सूर्याचं घर, आणि त्या भीतीत कसलाच रुबाब नाही. म्हणून दोन्ही भाग सलग पाहावेत.