मुरुमांच्या खड्ड्यांवर लेसर : सावळ्या त्वचेसाठी काय वेगळं?

मुरूम जातात, गालावरचे खड्डे मात्र राहतात. लग्न ठरलं की लेसरची चौकशी सुरू होते. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात दिवसाचा मोठा भाग उन्हात, शेतात जातो. तिथे पैसे भरण्याआधी हे वाचाच.

लेसर काय करतो?
२००४ मध्ये पुढे आलेली फ्रॅक्शनल पद्धत सगळी त्वचा न भाजता बारीक बारीक ठिपक्यांतच उष्णता देते. मधली त्वचा शाबूत राहते आणि जखम भरताना नवं कोलॅजन तयार होतं. खड्डे उथळ होतात, पण पूर्ण नाहीसे होत नाहीत.

मग धोका कसला?
फिट्झपॅट्रिक मोजपट्टीत त्वचेचे सहा प्रकार आहेत. बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. अशा त्वचेला उष्णतेचा दाह झाला की ती जास्त मेलॅनिन बनवते आणि काळे डाग पडतात. ते सहसा काही महिन्यांत फिके होतात, पण ऊन लागलं तर रेंगाळतात.

काय काळजी घ्याल?
• आधी चालू मुरूम आटोक्यात आणा.
• सावळ्या त्वचेवर ठिपके विरळ ठेवून, साधारण महिन्याच्या अंतराने जास्त बैठका करणं सुरक्षित असतं. 'एकाच बैठकीत चेहरा साफ' म्हणणाऱ्यापासून सावध राहा.
• नंतर साधारण आठवडाभर खपल्या राहतात. त्या खरवडू नका. सनस्क्रीन आणि स्कार्फ दोन्ही वापरा.
• आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, जखमेचे वण फुगण्याची सवय, ओठांवर वारंवार येणारा नागीणसारखा फोड, गरोदरपण यांबद्दल डॉक्टरांना सांगा.
• गोरेपणासाठी मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबचं नावही सांगा. काहींत स्टेरॉइड असतं आणि त्यानेच मुरूम वाढतात.

प्रत्येक खड्ड्याला लेसरच?
नाही. सुईने टोचल्यासारख्या खोल खड्ड्यांवर टीसीए हे आम्ल, तर रुंद, लाटेसारख्या खड्ड्यांवर सबसिजन अनेकदा जास्त उपयोगी पडतं. म्हणून आधी निदान करून घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. खासगीत जाणार असाल तर डॉक्टरांची त्वचारोगातली पदवी विचारा.

कधी सुरू करावं?
लग्नाच्या तारखेपासून किमान सहा-आठ महिने मागे मोजा. बैठक कापूस वेचणीच्या किंवा कडक उन्हाच्या दिवसांत ठेवू नका. उन्हापासून चेहरा जपता येईल, तीच लेसरची योग्य वेळ.