सुटे झाकण

१९०८ साली डेट्रॉइटला हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ बाहेर पडली. तोवर पुष्कळ इंजिनांत सिलिंडर आणि त्याचे डोके एकसंध ओतलेले असे. या गाडीत ते डोके झाकणासारखे सुटे झाले. त्यामुळे शेतकऱ्यालाही पाना घेऊन आतली काजळी खरवडता येऊ लागली. पण गंजाने सुटे झाकणही कालांतराने एकजीव होते. अशाच एका जुन्या ‘टी’वर मी छिन्नी उगारली, तोच म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझा हात धरला. “अहो, ओतीव लोखंड ते, तडकेल!” त्यांनी पाणी काढले, सगळे बोल्ट सोडवले, प्लग मात्र जागीच ठेवले आणि हँडल मारले. कोंडलेल्या हवेनेच झाकण उचलले. फोर्डने दिलेली सोय परत मिळवायला मिस्त्रींचा धीर लागला.