कुत्र्याचं बिल कोणी भरायचं?

मुंबईत कुत्र्याचा डॉक्टर शिकून तयार व्हायच्या कितीतरी आधी कुत्र्याच्या खर्चाची सोय झाली होती. उलटं वाटतं ना? पण झालंय तसंच.

१८३२ साली इंग्रजांच्या मुंबईत बेवारस कुत्री मारायची मोहीम चालू होती. मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळत, त्यामुळे पाळीव-बेवारस हा भेद फारसं कोणी पाहत नसे. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान, अंत्यविधीतसुद्धा. जूनमध्ये लोक खवळले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडवली गेली. चक्क कुत्र्यांसाठी दंगल! दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी केली.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते तिचं फंडिंग. नुसत्या देणगीवर विसंबून न राहता व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर थोडा लाग बसवला. आजच्या भाषेत सेस. म्हणजे एका जनावराचा खर्च एका माणसाच्या डोक्यावर नाही, अख्ख्या बाजारात वाटलेला.

अर्थात पांजरपोळ म्हणजे निवारा. उपचारांची गोष्ट निराळी. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा १७६१-६२ मध्ये फ्रान्समधल्या ल्योनला निघाली, ती घोडे आणि गुरांसाठी. बैल मेला की शेती अडते, घोडा मेला की फौज. कुत्रा मेला तर घरचे रडतात, बस्स! त्यामुळे कुत्रा या धंद्यात बराच उशिरा आला. मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक कॉलेज. दोन्ही आजही तिथेच आहेत. नाक्यावरच्या चकाचक क्लिनिकच्या पलीकडे मुंबईकराला हा पर्याय आहे, हे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या श्वानप्रेमींना ठाऊकच नाही.

हे सगळं खणायचं कारण म्हणजे आमचा भिकू. देशी, वय सहा. गोचिडतापात रक्ततपासण्या, सलाइन आणि औषधं धरून साडेअकरा हजार लागले. मी भरू शकलो. त्याच बाकावर एक रिक्षावाले काका मांजर घेऊन बसले होते. आकडा ऐकून ते काही न बोलता उठले आणि मांजर घेऊन निघून गेले. त्यांच्यामागे कुठला बाजार नव्हता, कुठला लाग नव्हता. विमा मिळतो म्हणा, पण त्यात वयाची अट असते, आधीचे आजार सहसा धरत नाहीत आणि भटक्या मांजराचा विमा उतरवणार कोण?

तर आमच्या सोसायटीतल्या सात घरांनी जानेवारीपासून दरमहा तीनशे रुपये एकत्र टाकायला सुरुवात केलीय. डॉक्टर आधीच ठरवला, त्यांचा व्हेटरनरी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघून (१९८४च्या कायद्याने ही नोंदणी लागते बरं का). रात्री कोण दार उघडतं तेही विचारून ठेवलंय. नियम एकच, की पैसे आपल्या कुत्र्याला लागतील तसेच गेटवरच्या काळूलाही. गेल्या महिन्यात त्याच्या पायाचा एक्स-रे त्यातूनच झाला. वॉचमनने पावती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलीय.